'सोल' हा स्पॅनिश शब्द बोलण्यात कसा वापरावा

मालवण, तारकर्ली, गणपतीपुळे या पट्ट्यात घरगुती निवास चालवणाऱ्या ज्या मंडळींना स्पॅनिश बोलणाऱ्या पाहुण्यांशी चार शब्द त्यांच्या भाषेत बोलावेसे वाटतात, त्यांनी सुरुवात 'सोल' या शब्दापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. शब्दाचा मूळ अर्थ सूर्य. परंतु घरगुती बोलण्यात मनाने चांगल्या, मदतीला धावून येणाऱ्या माणसालाही 'सोल' म्हणतात.

उच्चार आपल्याला आयताच साधतो. सोलकढी म्हणताना 'सोल' जसा येतो तसाच तो म्हणावा, मात्र 'ओ' फार लांबवू नये. जेवताना पाहुण्याच्या हे साम्य ध्यानात आलेच, तर आपले सोल म्हणजे रातांब्याची, त्याच्याच रसात पुन्हापुन्हा भिजवून उन्हात वाळवलेली साल, हे त्याला आवर्जून सांगावे.

सूर्य आणि ऊन असा भेद आपण करतो, स्पॅनिशमध्ये दोन्हींना 'सोल' चालतो. ऊन पडले आहे हे सांगण्यासाठी 'आसे सोल' म्हणावे. स्पेनच्या बऱ्याच भागात त्याचा उच्चार 'आथे सोल' असा ऐकू येईल. सूर्यास्ताला 'पुएस्ता दे सोल' म्हणतात, आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या आपल्या किनाऱ्यावर हा शब्द रोज संध्याकाळी लागेल.

स्तुती करताना सारी मदार 'सोल'च्या आधीच्या छोट्या शब्दावर असते. 'एल सोल' म्हणजे आकाशातला सूर्य. 'एरेस उन सोल' म्हणजे तू फार भला माणूस आहेस. समोर स्त्री असली तरी 'उन'च म्हणावे, 'उना' नव्हे, कारण शब्द पुल्लिंगीच राहतो. वयाने मोठ्या पाहुण्याला आदराने 'एस उस्तेद उन सोल' म्हणावे. अर्जेंटिनाचा पाहुणा मात्र बरोबरीच्या माणसाला 'सोस उन सोल' म्हणेल, आणि तेही शुद्धच आहे.

हे वाक्य एखाद्या प्रत्यक्ष कृतीनंतर म्हटले तरच शोभते: पाहुण्याने रापण ओढायला हात लावला, आजीला पायऱ्या उतरताना आधार दिला, किंवा जेवणानंतर स्वतःहून ताटे उचलली, तर लगेच म्हणावे. पाहुणा नुकताच दारात आला असताना ते ओढूनताणून आणल्यासारखे वाटते. शिवाय ही स्तुती स्वभावाची आहे, रूपाची नव्हे. रूपाची वाखाणणी करणारा 'बोम्बोन' हा शब्द, ज्याचा मूळ अर्थ चॉकलेटची गोळी, त्यात लगट करण्याची छटा येते, म्हणून यजमानाने तो पाहुण्यांपुढे कटाक्षाने टाळावा.

पाहुण्याने उलट आपल्यालाच 'उन सोल' म्हटले, तर 'त्यात काय एवढे' म्हणून ते झटकून टाकू नये. 'मुचास ग्रासियास' म्हणून ते मोकळेपणाने स्वीकारावे.