डेल्फीला जाण्यापूर्वी
ग्रीसमधील डेल्फी या अपोलो देवाच्या प्राचीन तीर्थक्षेत्री जाण्यापूर्वी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनियस याच्या ग्रीसवर्णनाचा दहावा भाग वाचून जावा, कारण मंदिराकडे चढत जाणाऱ्या पवित्र मार्गालगत आज जे रिकामे चौथरे दिसतात, त्यांपैकी कित्येकांवर कोणत्या नगरराज्याने कशासाठी पुतळे उभारले होते, हे तो चढणीच्या क्रमानेच सांगत जातो. (घरी वाचताना हा भाग जरा रटाळ वाटतो, हे खरे.) अपोलोच्या मंदिराखालच्या, वेड्यावाकड्या दगडांच्या भिंतीपाशी मात्र घाई करू नये. तिरप्या उन्हात तिच्यावरची बारीक अक्षरे उठून दिसतात. त्यांतील शेकडो लेख गुलामांच्या मुक्ततेचे असून, गुलाम देवाला विकल्याची नोंद करून त्याला मोकळे केले जाई. १८९६ साली सापडलेल्या सारथ्याच्या ब्रॉन्झ पुतळ्याच्या पापण्याही संग्रहालयात जवळून पाहाव्यात.