रायफलच्या गोळ्यांसाठी शिशाचे मिश्रण: या चुका टाळा

घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्या वापरताना रायफलच्या नळीत शिसे बसू लागले की पहिला संशय मिश्रण मऊ असल्याचा येतो. पुढच्या खेपेला भांड्यात लायनोटाइप (छापखान्यातले शिसे, कथील आणि टणकपणा देणारी अँटिमनी यांचे मिश्रण) जास्त पडते, गोळ्या टणक होतात, आणि नळीत शिसे पूर्वीपेक्षा जास्त बसते. कारण बहुतेक वेळा खोट कठीणपणात नसते, मापात असते.

ओतीव गोळी नळीच्या खाचांच्या तळाशी मोजलेल्या व्यासापेक्षा 0.025 ते 0.05 मिमी जाड हवी. ती बारीक असेल तर मागचा तापलेला वायू बाजूच्या फटीतून पुढे घुसतो, गोळीची कड झिजवतो आणि ते शिसे नळीला चिकटते. मऊ गोळी दाबाखाली थोडी फुगून फट बुजवते. लायनोटाइपची टणक गोळी हलक्या लोडला (काडतुसात दारू कमी असताना) तशीच राहते आणि वायूला वाट मोकळी सापडते. म्हणून मिश्रणाला हात लावण्याआधी नळी मोजा. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढा, नळीत तेलाचा हात फिरवा, शुद्ध शिशाचा तुकडा लाकडी दांड्याने हलके ठोकत पार करा आणि बाहेर आलेल्या तुकड्याला मायक्रोमीटर लावा. शिसे कुठे बसले आहे तेही पाहा. चेंबरजवळ, म्हणजे काडतूस बसते त्या टोकाला, बसले असेल तर गोळी बारीक असण्याची शक्यता जास्त. नळीच्या तोंडाजवळ असेल तर गोळीच्या खाचांत भरलेले वंगण कमी पडते आहे.

आता कठीणपणाचे आकडे. ब्रिनेल मापात शुद्ध शिसे 5 च्या आसपास, 20 भाग शिशाला 1 भाग कथील घातले तर 10, चाकांना क्लिपने लावायची वजने 12 च्या आसपास, 90 टक्के शिसे, 5 टक्के कथील आणि 5 टक्के अँटिमनी असे मिश्रण 15, तर लायनोटाइप 22. साध्या तळाच्या गोळीला सेकंदाला सव्वाचारशे मीटरपर्यंत 10 ते 12 पुरते. गॅस चेक (गोळीच्या तळाला बसवायची धातूची छोटी वाटी) लावून साडेपाचशे-सहाशे मीटरला जायचे असेल तर 12 ते 16 घ्या. त्याहून टणक मिश्रणाची गरज फार थोड्यांना पडते, आणि लायनोटाइप इतके महाग की ते नुसते ओतणे ही उधळपट्टीच आहे.

कथिलाबाबत चूक उलटी होते: ते सढळ हाताने घातले जाते. कथील वितळलेल्या धातूचा पृष्ठताण कमी करते, त्यामुळे साच्याचे कोपरे आणि वंगणाच्या खाचा धारदार भरतात. पण हे काम 2 टक्क्यांत होते, पुढे पैसे जातात. चाकांच्या वजनांत अर्धा टक्का कथील धरले तर 10 किलोला 150 ग्रॅम कथील बास. 90-5-5 हवे असेल तर 10 किलोसाठी 4.17 किलो लायनोटाइप, 5.5 किलो शुद्ध शिसे आणि 330 ग्रॅम कथील घ्या. हा हिशेब 84 टक्के शिसे, 12 टक्के अँटिमनी आणि 4 टक्के कथील असलेल्या लायनोटाइपचा आहे. छापखान्याचे सुटे खिळे वेगळ्या प्रमाणाचे असतात, ते लायनोटाइप समजून टाकू नका.

सगळ्यात जास्त भांडी बिघडवते ते जस्त. चाकांच्या वजनांत हल्ली जस्ताची आणि लोखंडाची वजने सर्रास मिसळलेली येतात. ती आधी हाताने निवडा. काहींवर खूण असते. कटिंग प्लायरने चावून पाहा: शिशात पाते सहज रुतते, जस्तावर घसरते. काँक्रीटवर टाकले तर शिसे बद्द वाजते, जस्त खणखणते. तरीही एखादे सुटतेच. शिसे 327 अंश सेल्सियसला वितळते आणि जस्त 419 ला, म्हणून भंगार वितळवताना थर्मामीटर 360 च्या पुढे जाऊ देऊ नका. जस्ताचे वजन न वितळता वर तरंगते, झाऱ्याने काढता येते. घाईने आच वाढवली की ते विरघळते, धातू लापशीसारखा घट्ट होतो आणि गोळ्यांचे कोपरे भरत नाहीत. असा घाण झालेला माल चांगल्या साठ्यात मिसळू नका.

दुसरी हमखास चूक मळी काढताना होते. वर राखाडी साय धरली की ती घाण समजून फेकली जाते, पण त्या सायीत कथिलाचा ऑक्साइड असतो, म्हणजे विकत घेतलेले कथीलच बाहेर जाते. लाकडाचा कोरडा भुसा चिमूटभर टाका, जळून काळा झाला की लाकडी काठीने तळापासून ढवळा आणि भांड्याच्या कडा खरवडा. कार्बनमुळे साय पुन्हा धातूत मुरते. वर उरते ती कोरडी तपकिरी-काळी भुकटी, तीच काढा.

गोळ्यांवर सुरकुत्या पडल्या तर साचा थंड किंवा तेलकट आहे. पृष्ठभाग दुधाळ-खरखरीत झाला तर साचा जास्त तापला आहे. दोन्हींत मिश्रण बदलू नका. गोळ्या ओतताना भांडे 370 ते 400 अंशांवर ठेवा आणि ओतण्याचा वेग बदला.

गोळ्या साच्यातून थेट पाण्यात टाकल्या की टणक होतात, पण त्यासाठी अँटिमनी लागते, आणि किंचित आर्सेनिक असेल तर फरक ठळक पडतो. नुसत्या शिसे-कथिलाच्या गोळ्यांवर पाण्याचा उपयोग नाही. टणकपणा पुढचे काही दिवस वाढत राहतो, त्यामुळे त्याच संध्याकाळी मोजलेला आकडा धरू नका. पाण्याची बादली मात्र भांड्यापासून लांब ठेवा. वितळलेल्या शिशात एक थेंब बुडाला तरी वाफेने धातू उसळून तोंडावर येतो. ओलसर लगडही तेच करते.

बॅटरीचे शिसे अजिबात घेऊ नका. त्यात कॅल्शियम, अँटिमनी, आर्सेनिक असू शकते आणि त्याची मळी ओलाव्यात आली तर विषारी वायू सुटू शकतो.

काही देशांत गोळ्या ओतायलाही परवाना लागतो. तुमच्याकडे लागत असेल तर तो हातात असल्याशिवाय भांडे तापवू नका. ओतकाम उघड्यावर करा, चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्या घाला. धोका वाफेपेक्षा मळीच्या धुळीचा जास्त असतो. ती झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि भांडे पूर्ण थंड झाल्यावरच. मळी झाकणाच्या डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका, कामाचे कपडे वेगळे धुवा आणि वर्षातून एकदा रक्तातले शिसे तपासून घ्या.