हाकॅट पेशींना पेरॉक्साइड द्यायच्या आधी वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) काय आहे ते बघा

त्वचेच्या पेशींवर ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा (ऑक्सिडेशनमुळे पेशीवर येणाऱ्या ताणाचा) प्रयोग म्हटलं की बहुतेक जण हाकॅट (माणसाच्या त्वचेच्या केराटिनोसाइट पेशींची लॅबमध्ये कायम वाढणारी लाइन) घेतात, हायड्रोजन पेरॉक्साइड टाकतात, दुसऱ्या दिवशी एमटीटी (जिवंत पेशी ज्यात जांभळा रंग तयार करतात ती टेस्ट) करतात आणि मग डोकं धरून बसतात कारण पेशींना काही झालेलंच नसतं. मीपण बसलोय. दोन आठवडे डोस वाढवत होतो, ५०० मायक्रोमोलरला पण पेशी मजेत, आणि शेवटी कळलं की माझ्या डीएमईएममध्ये (पेशी वाढवायच्या मीडियममध्ये) सोडियम पायरुव्हेट आहे. पायरुव्हेट पेरॉक्साइडला सरळ खाऊन टाकतं, आणि ते असलेल्या मीडियममध्ये साधारण १ मिलिमोलर असतं, म्हणजे माझ्या डोसच्या दुप्पट! पेशींपर्यंत पोचणार काय, डोंबल.

तर ट्रीटमेंटपुरतं पायरुव्हेट नसलेलं मीडियम घ्या, आणि सीरमपण कमी करा, कारण तेही थोडंफार पेरॉक्साइड गिळतं. आता पेरॉक्साइडची बाटली. ३० टक्क्यांची ताजी बाटली जवळपास ९.८ मोलर असते, पण उघडून महिनोन्‌महिने ठेवलेली किती उरलीये हे लेबल सांगत नाही, त्यामुळे १० मिलिमोलरचं डायल्यूशन करून २४० नॅनोमीटरला प्रकाश किती शोषला जातो त्याचं रीडिंग घ्या, १ सेंटीमीटर क्युव्हेटमध्ये ०.४३ च्या आसपास यायला हवं. डायल्यूशन त्याच वेळी, बर्फावर.

पेशी किती आहेत यावरही सगळं अवलंबून असतं. पेशींच्या आत कॅटालेज (पेरॉक्साइड तोडणारं एन्झाइम) असतं, त्यामुळे गच्च भरलेल्या वेलमध्ये ३०० मायक्रोमोलर चटकन संपतं आणि विरळ वेलमध्ये तोच डोस जीव घेतो, म्हणून दर वेळी मोजून तेवढ्याच पेशी लावा. आणि आपण लिहितो "२४ तास ट्रीटमेंट", पण पेरॉक्साइड बहुतेक वेळा पहिल्या एकदोन तासांतच संपलेलं असतं, बाकीचा वेळ आपण फक्त परिणाम बघत असतो. त्या हिशोबाने वेळा ठरवा: डीसीएफ (ऑक्सिडेशन झालं की चमकणारी डाय) पहिल्या तासाभरात, एनआरएफ२ (बचावाची जनुकं चालू करणारं प्रोटीन) न्यूक्लियसमध्ये गेलं का ते एक ते तीन तासांत, एचओ-१ (त्याने चालू होणारं बचावाचं एन्झाइम) प्रोटीन ६ ते २४ तासांत. डीसीएफची डाय प्रकाशात आपोआप चमकायला लागते, सो अंधारात काम करा आणि पेशी नसलेला एक वेल ठेवाच.

अँटिऑक्सिडंट तपासत असाल तर अजून गंमत आहे. व्हिटॅमिन सी किंवा झाडपाल्याचा अर्क एमटीटीला स्वतःच जांभळं करतो, पेशी मेलेल्या असल्या तरी! शिवाय काही पॉलिफेनॉल मीडियममध्ये स्वतःच पेरॉक्साइड तयार करतात. अर्क आधी द्या, धुवा, मगच पेरॉक्साइड टाका, नाहीतर दोघं बाहेरच भांडून मोकळे होतात आणि आपण म्हणतो पेशी वाचल्या.

इम्यून ट्रिगरसाठी टीएनएफ-अल्फा आणि इंटरफेरॉन-गॅमा (दोन्ही सायटोकाइन, म्हणजे पेशींना भडकवणारे प्रोटीन-संदेश), दोन्ही १० नॅनोग्रॅम प्रति एमएल, २४ तास, ही जोडी चांगली चालते, वरचं मीडियम काढून आयएल-६, आयएल-८, सीसीएल१७ (पेशींनी सोडलेले असेच संदेश) चा एलायझा (अँटीबॉडीने प्रोटीन मोजायची टेस्ट) करा. दोन्ही वेगवेगळे देऊनपण बघा, नाहीतर कोणी काय केलं कळत नाही. सिग्नलिंग बघायचं तर घाई करा, स्टॅट१ (इंटरफेरॉनचा संदेश आत नेणारं प्रोटीन) चं फॉस्फोरिलेशन १५-३० मिनिटांत दिसतं, आयकॅपाबी-अल्फा (टीएनएफच्या वाटेवरचा ब्रेक) १५ मिनिटांत गायब होऊन तासाभरात परतपण येतं. मॅक्रोफेजची (जंतू गिळणाऱ्या इम्यून पेशींची) सवय असलेले लोक एलपीएस (बॅक्टेरियाच्या आवरणातला पदार्थ) टाकतात, पण केराटिनोसाइट त्याला तितकी दाद देत नाहीत, त्यापेक्षा पॉली आयसी (विषाणूच्या आरएनएची नक्कल) बरं, ते टीएलआर३ (असं आरएनए ओळखणारा रिसेप्टर) मधून जातं. प्रायमरी (थेट त्वचेतून काढलेल्या) पेशी असतील तर मीडियमच्या सप्लिमेंटमध्ये बऱ्याचदा हायड्रोकॉर्टिसोन असतं, स्टिम्युलेशनच्या आधी ते काढा, स्टेरॉइडमध्ये बुडालेल्या पेशी कशाला भडकतील?

पेरॉक्साइड आणि इम्यून ट्रिगर दोन्ही एकत्र करायचं असेल तर आधी पेशी न मारणारा पेरॉक्साइडचा डोस शोधा, कारण फुटलेल्या केराटिनोसाइटमधून साठवलेलं आयएल-१ अल्फा (दाह पेटवणारा सायटोकाइन) बाहेर येतं आणि शेजारच्या पेशी त्यानेच पेटतात, मग ते ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचं काम की मेलेल्या पेशींचं हे सांगता येत नाही. एलायझाचे आकडे पेशींच्या संख्येने भागा. मायकोप्लाझ्माची (कल्चरमध्ये लपून राहणाऱ्या बॅक्टेरियाची) टेस्ट नियमित करा, तो असेल तर कंट्रोलच आधीपासून तापलेला. आणि हाकॅट १९८८ पासून वापरात असली तरी तिचं पी५३ (बिघडलेल्या पेशीला मरायला लावणारं जनुक) म्युटेटेड आहे, त्यामुळे पेशी कशा मरतात असा दावा करणार असाल तर तेवढा एक प्रयोग प्रायमरी केराटिनोसाइटमध्ये करून घ्या, रिव्ह्यूअर विचारतोच.