इंदूरचे मराठी भाषक जनगणनेच्या तक्त्यात कसे शोधावेत

इंदूरमध्ये मराठी मातृभाषा सांगणारे किती, याचा अंदाज बांधण्याऐवजी २०११ च्या जनगणनेतील ‘सी-१६’ हा मातृभाषांचा तक्ता पाहावा. मध्य प्रदेशाची फाइल उघडून आधी जिल्हा आणि मग तहसील शोधावी. जिल्ह्यातली टक्केवारी काढताना इंदूर जिल्ह्याची एकूण लोकसंख्या, म्हणजे ३२,७६,६९७, हाच भाजक घ्यावा. शहराच्या आकड्याशी त्याची गल्लत होता कामा नये.

खरी काळजी घ्यावी लागते ती शीर्षकांच्या बाबतीत. लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांच्या १९,५६९ नावांची छाननी आणि वर्गवारी होऊन ती शेवटी १२१ भाषांखाली मांडली गेली, आणि त्यात ‘हिंदी’ या शीर्षकाखाली माळवी व निमाडीही मोजल्या गेल्या. म्हणून मराठीचा आकडा हिंदीच्या एकूण बेरजेशी ताडून न पाहता तिच्या पोटओळींशी ताडून पाहावा, नाहीतर माळव्यात माळवी बोलणारे जणू कोणी नाहीतच असा (बराच प्रचलित) गैरसमज होतो.

प्रगणक घरी आल्यावर प्रत्येक सदस्याची मातृभाषा वेगवेगळी सांगावी: बालपणी आई ज्या भाषेत बोलत असे ती, बाजारात वापरतो ती नव्हे. सासूबाई मराठी आणि सूनबाई माळवी असतील, तर उत्तरेही दोन होतील. उत्तम येणाऱ्या हिंदीसाठी निराळा रकाना असतो. २०११ मध्ये तेथे मातृभाषेखेरीज आणखी दोन भाषा नोंदवता येत होत्या.