लांबच्या प्रवासाला लॅपटॉप न्यायचा की घरीच ठेवायचा: हे कसं ठरवावं

‘असू दे, लागलाच तर’ या चार शब्दांवर बहुतेक लॅपटॉप प्रवासाला निघतात. मग तीन आठवडे बॅगेत पडून राहतात, दोनदा उघडतात, त्यातही एकदा पोराला सिनेमा लावून द्यायला. १५.६ इंची साध्या लॅपटॉपचं वजन पावणेदोन ते सव्वादोन किलो असतं. चार्जर, माउस आणि बॅग धरली तर तीन किलोच्या आसपास जातं. यवतमाळच्या माणसाला आधी एसटीनं धामणगाव गाठायचं, तिथून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं जवळजवळ एक दिवस बसून कोल्हापूर, पुढे पुन्हा एसटी. एवढ्या चढ-उतारात तीन किलो खांद्याला चांगलेच जाणवतात. त्यामुळे हा निर्णय निघायच्या आदल्या रात्री बॅग भरताना घ्यायचा नाही, दहा-बारा दिवस आधी घ्यायचा. खालची रीत दोन आठवडे ते दीड महिन्याच्या देशातल्या प्रवासासाठी आहे.

पहिली पायरी: कामं कागदावर उतरवा

प्रत्येक कामापुढे तारीख घाला. तारीख घालता येत नसेल तर ते काम खोडा. ‘वेळ मिळाला तर फोटो लावून घेईन’, ‘जमलं तर हिशेब बघेन’ ही कामं प्रवासात होत नाहीत.

उरलेल्या प्रत्येक कामाला एक प्रश्न विचारा: हे निघायच्या आधी उरकता येईल का, किंवा गावात कोणी करू शकेल का? खत-बियाण्याचं दुकान असेल तर महिन्याचं जीएसटीचं विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-३बी, पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरायचं असतं. दुकान एकट्याच्या मालकीचं असेल तर ते ओटीपीवर भरता येतं. म्हणजे तालुक्याचा कर सल्लागार त्याच्या कॉम्प्युटरवर भरेल आणि ओटीपी तुमच्या फोनवर येईल, तुम्ही कुठंही असा. कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर मात्र डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लागतो, आणि तो कॉम्प्युटरलाच लावावा लागतो. काम एकच, पण पहिल्याला लॅपटॉपची गरज नाही आणि दुसऱ्याला आहे. ‘जीएसटीचं काम आहे’ एवढं लिहून भागत नाही ते यामुळे.

दुसरी पायरी: तीन दिवस लॅपटॉप मिटून ठेवा

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. ‘फोनवर सगळं होतं हो’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील आणि ‘लॅपटॉपशिवाय काहीच होत नाही’ असं सांगणारेही तितकेच. दोघांचंही ऐकू नका. तुमचं काम त्यांना माहीत नाही. तालीम करूनच बघायचं.

कामाचे तीन दिवस निवडा. रविवार नको, पोळा-दिवाळी नको. हिशेबाचे किंवा अहवालाचे दिवस असतील तर उत्तम. लॅपटॉप बंद करा, चार्जर गुंडाळा आणि दोन्ही कपाटावर चढवा. टेबलावर मिटून ठेवलेला लॅपटॉप उघडला जातोच, म्हणून स्टूल घ्यावं लागेल इतक्या उंचीवर ठेवा. कपाटाच्या दाराला एक कागद चिकटवा. लॅपटॉपची आठवण झाली की त्या कागदावर वेळ आणि कारण लिहायचं. लॅपटॉप उघडायचा नाही. ‘एकच फाइल बघतो’ म्हणून उघडलात तर तालीम संपली, पुन्हा पहिल्या दिवसापासून धरा. ही सक्ती जाचक वाटेल, पण ती ढिली केली की कागदावर खरं काहीच उतरत नाही.

तीन दिवस घरच्या वायफायवर काढू नका. ते बंद ठेवा आणि फोनच्या डेटावरच काम करा, तेही खुर्ची-टेबलावर नाही, बाजेवर किंवा ओट्यावर बसून. प्रवासात असंच बसायला मिळतं. एका संध्याकाळी लाइन गेली तर आनंद माना, तीही तालमीचाच भाग आहे.

काम अर्धवट तपासू नका. पोर्टल फोनमध्ये उघडलं म्हणजे काम झालं असं नसतं. शेवटच्या ‘सबमिट’पर्यंत जा, पावती उतरवा, ती उघडून पाहा. पुष्कळ सरकारी पोर्टलं फोनवर पहिली तीन पानं नीट दाखवतात आणि चौथ्या पानावर बटणच स्क्रीनच्या बाहेर जातं. ब्राउझरमध्ये ‘डेस्कटॉप साइट’ लावून बघा. तरीही अडलं तर ते कागदावर लिहा.

तिसऱ्या दिवशी रात्री कागद काढा आणि प्रत्येक कारणापुढे चारपैकी एक शब्द लिहा: फाइल, पासवर्ड, टायपिंग, प्रोग्राम. जवळपास सगळी कारणं या चारांत बसतात, आणि निर्णय यातूनच निघतो.

‘फाइल’ म्हणजे हवी ती वस्तू लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर पडून होती. याला लॅपटॉप न्यायची गरज नाही, फाइल न्यायची गरज आहे. गूगल खात्यात १५ जीबी जागा फुकट मिळते, तिथं चढवा आणि लागणाऱ्या फाइलींवर ‘ऑफलाइन’ची खूण करा. मेळघाटात किंवा भामरागडकडे नेटवर्क जातं तेव्हा ही खूण केलेल्या फाइलीच उघडतात. दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो ओटीजीनं, म्हणजे फोनला पेन ड्राइव्ह जोडायच्या छोट्या जोडणीनं, फोनला लावून बघा. पेन ड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर बरेच अँड्रॉइड फोन तो वाचत नाहीत. एक्सफॅट करून घ्या. फॅट३२ही चालतं, पण त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही.

‘पासवर्ड’ म्हणजे तो लॅपटॉपच्या ब्राउझरनं लक्षात ठेवला होता, तुम्ही नाही. लोकांना याची कल्पनाच नसते, आणि तालमीच्या पहिल्याच दिवशी हे कारण चार-पाच वेळा कागदावर येतं. फोनमध्ये प्रत्येक खात्यात एकदा शिरून घ्या. ओटीपी ज्या नंबरवर येतो ते सिम प्रवासात सोबत येणार आहे ना, हेही बघा. घरच्या जुन्या कीपॅड फोनमध्ये बँकेचं सिम पडलेलं असतं आणि तो फोन घरीच राहतो, मग लॅपटॉप असो वा नसो, काम अडतंच.

‘टायपिंग’ म्हणजे फोनवर बोटं दुखली. २००-३०० ग्रॅमचा ब्लूटूथ कीबोर्ड घ्या. फोनमधला मराठी कीबोर्ड बोलून लिहिलेलंही बऱ्यापैकी टिपतो. एक सावधगिरी मात्र हवी. तुमचा मजकूर कृतीदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधला असेल तर फोनवर तो भलत्याच अक्षरांचा कचरा दिसेल. निघायच्या आधी तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांवर सारख्या दिसणाऱ्या लिपीत, बदलून ठेवा.

उरला ‘प्रोग्राम’. हे एकच कारण लॅपटॉपला बॅगेत जागा देतं. टॅलीत नोंदी घालायच्या आहेत, कॅडमध्ये नकाशा दुरुस्त करायचा आहे, मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञा) असलेली एक्सेल चालवायची आहे, डीटीपी म्हणजे छपाईची पानं मांडायची आहेत, डिजिटल सहीचा टोकन आहे, कॅमेऱ्यासमोर बसून द्यायची नोकरीची ऑनलाइन परीक्षा आहे. फोनवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाहीत, कितीही महागडा फोन असू द्या. प्रवासाच्या तारखांत येणारं असं एकही काम कागदावर असेल तर लॅपटॉप न्या आणि मनात शंका ठेवू नका. एकही नसेल तर ठेवा, आणि तेव्हाही शंका नको.

दोन सल्ले जे ऐकू नयेत

पहिला: ‘लॅपटॉप घरी चालू ठेव आणि फोनवरून जोडून वापर.’ शहरात हे कदाचित जमेल. आपल्याकडे दुपारी लाइन गेली की आधी राउटर बंद पडतो. लाइन आल्यावर राउटर पुन्हा जोडला जाईलही, पण बॅटरी संपून बंद झालेला लॅपटॉप आपोआप उठत नाही. शिवाय बंद घरात भर उन्हाळ्यात महिनाभर चालू यंत्र ठेवणं धोक्याचं आहे.

दुसरा: ‘तिकडे कुठल्याही कॅफेत करून घेशील.’ छपाईसाठी जा, बाकी काही तिथं करू नका. बँकेचं खातं, आधार, सातबारा यातलं काहीही परक्या कॉम्प्युटरवर उघडलं तर पासवर्ड आणि उतरवलेली प्रत मागे राहू शकते. फाइल फोनवरून पाठवा, छापून घ्या आणि तिथल्या डाउनलोडमधून समोर उभं राहून पुसायला लावा.

तिसरी पायरी: लॅपटॉप रात्री आणि देवळाबाहेर कुठं राहील?

लॅपटॉप न्यायचाच ठरलं तर मुक्कामांची यादी काढा आणि प्रत्येकापुढे लिहा: मी बाहेर असताना लॅपटॉप कुठं? नातेवाइकांकडे सोय असते. देवदर्शनाच्या प्रवासात ती नसते. तिरुपतीला मंदिरात फोनसुद्धा नेता येत नाही. केदारनाथला गौरीकुंडापासून सुमारे १६ किलोमीटर चढायचं असतं आणि वर एक मुक्काम बहुधा होतोच. अशा वेळी एक तर घरातलं एक माणूस दर्शन सोडून बॅगेपाशी बसतं, नाही तर बॅग अनोळखी खोलीत राहते. रेल्वेच्या क्लोकरूममध्ये कुलूप लावलेलं सामानच घेतात, चेनच्या साध्या सॅकला कुलूप लागतं का ते आधी पाहा. यादीत अशा तीनपेक्षा जास्त जागा निघाल्या तर काम पुढे ढकलता येतं का ते पुन्हा बघा. आईबापाला म्हातारपणी एकदाच घडणारी यात्रा टॅलीच्या नोंदीपेक्षा मोठी आहे.

चौथी पायरी: वीज

आधी बॅटरी तपासा. पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा, नेहमीचं काम करा आणि वेळ मोजा. तासाभराच्या आत मान टाकली तर तो प्रवासाचा लॅपटॉप नाही, प्लगला बांधलेला कॉम्प्युटर आहे. स्लीपर डब्यात एका कप्प्यात आठ बर्थ आणि चार्जिंगच्या जागा मोजक्या. तिथले सॉकेट ढिले असतात, लॅपटॉपचा जड प्लग लोंबकळून सुटतो. रात्री ११ ते पहाटे ५ बऱ्याच गाड्यांत हे पॉइंट बंदच असतात. गाडीत चार्ज करू, या भरवशावर काम ठेवू नका.

गोल पिनचा लॅपटॉप साध्या पॉवर बँकेवर चार्ज होत नाही. टाइप-सीवर चार्ज होणारा असेल तर ४५ किंवा ६५ वॅट देणारी पॉवर बँक लागते. २०,००० एमएएचची बँक म्हणजे ३.७ व्होल्टनं गुणून ७४ वॅट-तास. थोडी गळती धरली तर साधा लॅपटॉप जेमतेम एकदा भरते. नागपूरहून विमान असेल तर लॅपटॉप आणि पॉवर बँक दोन्ही हातातल्या बॅगेत ठेवा. पॉवर बँक तर मोठ्या सामानात टाकताच येत नाही. १०० वॅट-तासांच्या वर गेलात तर विमान कंपनीची परवानगी लागते.

चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे कमी व्होल्टेज तो सोसतो. लाइन परत येताना बसणारा झटका मात्र सोसत नाही. लाइन गेली की प्लग काढा, आल्यावर पाच मिनिटं थांबा, मग लावा.

नेणार असाल तर

विंडोजचे अपडेट घरीच उरकून पाच आठवड्यांसाठी थांबवा, नाही तर हॉटस्पॉटचा डेटा एका रात्रीत संपेल. ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचं कुलूप) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की वहीत लिहून घरी ठेवा. सगळ्या कामाची एक प्रत घरी राहू द्या. चार्जर विसरू नका; छोट्या गावात नेमकी पिन आणि व्होल्टेज मिळत नाही, आणि १९ व्होल्टच्या जागी भलताच लावला तर बोर्ड जातो.

बॅगेत घालताना ‘स्लीप’ नको, पूर्ण बंद करा. झोपलेला लॅपटॉप बॅगेत मध्येच जागा होतो, आणि मे महिन्यात ४५ अंशांत बंद बॅगेत तापलेली बॅटरी फुगते. कंपनीच्या नावाची लॅपटॉप बॅग घेऊ नका, साध्या सॅकमध्ये टॉवेलात गुंडाळा. एसटीत डिकीत टाकायचा नाही, मांडीवर घ्यायचा. गाडीत खालच्या बर्थच्या कडीला साखळीनं बांधा. चोरी झालीच तर १३९ वर फोन करा आणि रेल्वे पोलिसांकडे तक्रार नोंदवा. त्यासाठी सिरीयल नंबर फोनमध्ये टिपलेला असावा. फोनसारखा आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) लॅपटॉपला नसतो.

ठेवणार असाल तर

बॅटरी निम्मी भरा, ४० ते ६० टक्क्यांच्या मध्ये, आणि पूर्ण बंद करा. १०० टक्के भरून तापत्या खोलीत महिनाभर ठेवलेली बॅटरी लवकर मरते. टिनाच्या खोलीत नको. माती-विटांच्या भिंतीतलं, घरातलं सगळ्यात थंड कपाट बघा. पावसाळा असेल तर सुती कापडात गुंडाळून सोबत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या ठेवा. कापूस घरात साठवला असेल तर त्या खोलीपासून लांब ठेवा, त्याचा बारीक तंतू पंख्यात जाऊन बसतो. चार्जर वेगळ्या पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवा, उंदरांना त्याची वायर आवडते. कपाटाची किल्ली घरी मागे राहणाऱ्या माणसाकडे द्या आणि लॅपटॉपचा पासवर्डही त्याला सांगून ठेवा. मध्येच एखादी राहिलेली फाइल लागली तर तो ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू शकेल.