राजदूत परराष्ट्रमंत्री झाला की त्याचं करिअर वाचायचं कसं

स्पर्धा परीक्षेच्या नोट्स काढताना बरेच जण परराष्ट्रमंत्र्याचं नाव, देश आणि कोणकोणत्या देशात राजदूत होता एवढं उतरवून घेतात आणि पुढे सरकतात, पण त्या यादीतून काहीच हाती लागत नाही. इटलीचे माजी परराष्ट्रमंत्री जुलिओ तेर्झी घेऊन बघू, कारण त्यांची खुर्ची गेली ती थेट आपल्या केरळच्या प्रकरणात.

आधी नोकरीची वर्षं आणि मंत्रीपदाची वर्षं वेगळी काढा. तेर्झी मूळचे बेर्गामोचे, शिक्षण कायद्याचं, १९७३ ला परराष्ट्र सेवेत लागले आणि मंत्री झाले थेट नोव्हेंबर २०११ मध्ये, म्हणजे अडतीस वर्षं सरकारी नोकरी आणि मंत्रीपद जेमतेम सोळा महिने! एक सावधगिरी, 'मिनिस्टर प्लेनिपोटेन्शिअरी' असं कुठे दिसलं तर तो मंत्री नव्हे, परराष्ट्र सेवेतला हुद्दा आहे, यात भले भले फसतात.

मग पोस्टिंग बघा, पण सगळी नको, शेवटची तीन-चार बास. तेर्झींची अशी: इस्रायल (२००२ ते २००४), मग न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत, तेही इटली सुरक्षा परिषदेची अस्थायी सदस्य असताना, आणि २००९ पासून वॉशिंग्टन. अशी पोस्टिंग आलतूफालतू माणसाला मिळत नाहीत, रोमचा त्यांच्यावर किती भरवसा होता ते इथेच कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मंत्री केलं कोणी आणि का. पंतप्रधान बर्लुस्कोनी पायउतार झाले, कर्जाचं संकट डोक्यावर, म्हणून नवे पंतप्रधान मारिओ मोंतींनी पक्षाच्या राजकारण्यांना बाजूला ठेवून तज्ज्ञांचं मंत्रिमंडळ बनवलं, त्यात तेर्झींना वॉशिंग्टनहून बोलावून घेतलं. म्हणजे मतदारसंघ नाही, पक्ष नाही, मागे उभा राहणारा आमदार-खासदारांचा गट नाही. हे नोट्समध्ये ठळक लिहा, कारण पुढचं सगळं यावरच फिरतं.

नंतर एकच संकट निवडा आणि तारखा लावून वाचा. फेब्रुवारी २०१२ मध्ये 'एनरिका लेक्सी' या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांच्या गोळीबारात केरळच्या किनाऱ्याजवळ दोन मच्छीमार मारले गेले, दोन नौसैनिकांना अटक झाली. ते डिसेंबरात नाताळला घरी जाऊन परत आले, म्हणून फेब्रुवारी २०१३ मध्ये मतदानासाठी आपल्या सुप्रीम कोर्टाने पुन्हा चार आठवडे सोडलं, ते परत येतील या इटलीच्या राजदूतांच्या प्रतिज्ञापत्रावर. ११ मार्चला रोमने जाहीर केलं की ते परत येणार नाहीत. इकडे कोर्टाने राजदूतांनाच भारत सोडायला मनाई केली, १९६१ च्या व्हिएन्ना कराराने राजदूताला संरक्षण असतं हा मुद्दा इटलीने काढला पण तुम्हीच कोर्टात लिहून दिलंय म्हटल्यावर तो चालेना, आणि २२ मार्चला दोघं दिल्लीत परत! तेर्झींचा परत पाठवायला विरोध होता, त्यांचं कोणी ऐकलं नाही, २६ मार्चला त्यांनी संसदेत उभं राहून तिथेच राजीनामा दिला. मोंतींनी परराष्ट्र खातं काही आठवडे स्वतःकडे घेतलं. संरक्षणमंत्री दी पाओला हे माजी अ‍ॅडमिरल, ते मात्र पदावर राहिले.

माझं मत विचाराल तर यात तेर्झींचा हिशोब चुकला. सरकार आधीच काळजीवाहू होतं, निवडणूक होऊन गेलेली, आणि राजदूताने दिलेला शब्द मोडला की त्याची किंमत दुसऱ्या राजदूतालाच मोजावी लागते हे चार दशकं त्याच धंद्यात असलेल्या माणसाला कळायला हवं होतं. पण काहींना तो राजीनामा तत्त्वाचा वाटतो, तेही लिहून ठेवा.

शेवटी पदावरून गेल्यावर काय केलं ते बघा, इथेच बरेच जण वाचणं थांबवतात. तेर्झी राजकारणात उतरले, जॉर्जिया मेलोनींच्या 'फ्रातेल्ली द'इतालिया' पक्षातून २०२२ ला सिनेटर झाले. आधी जे नव्हतं, पक्ष आणि मतं, ते नंतर मिळवलं. तो खटला मात्र २०२१ ला इटलीने दहा कोटी भरपाई दिल्यावर आपल्या सुप्रीम कोर्टात बंद झाला.

सरावाला आता आपले जयशंकर घ्या: चीन आणि अमेरिकेत राजदूत, मग परराष्ट्र सचिव, मे २०१९ ला मंत्री, त्यानंतर भाजपमध्ये आणि जुलैत गुजरातमधून राज्यसभेवर. हा क्रम तेर्झींच्या शेजारी लिहा आणि पक्षाच्या रकान्यात वर्ष भरा, एकाचं मंत्री झाल्यावर दोन महिन्यांत भरलं जातं, दुसऱ्याचं खुर्ची गेल्यावर.