पणजोबा खरेच ‘रावबहादूर’ होते का? असे तपासा

‘रावबहादूर’ हा ब्रिटिश सरकार देत असलेला किताब. आधी पदक पाहा. किताबाचे पदक १९११पासून सुरू झाले. त्यावर पंचम जॉर्ज असेल तर किताब साधारण १९३६पर्यंतचा, सहावा जॉर्ज असेल तर त्यानंतरचा. मागे कोरलेले नाव भिंगाने वाचा.

मग ‘गॅझेट ऑफ इंडिया’ हे सरकारी राजपत्र चाळा. किताबांच्या याद्या मुख्यतः १ जानेवारीला आणि बादशहाच्या वाढदिवशी निघत. आडनावाची स्पेलिंगे तीन-चार प्रकारे शोधा. बहुतेकांचा शोध इथेच फसतो. आधी रावसाहेब, मग रावबहादूर अशी बढतीही होई, म्हणून दोन नोंदी सापडू शकतात.

पत्रातल्या नुसत्या ‘रावसाहेब’वर मात्र विसंबू नका, ते आदरार्थीही लिहीत. किताब वंशपरंपरागत नव्हता, त्यामुळे मुलाच्या नावापुढचा ‘रावबहादूर’ वेगळा तपासावा लागतो.